घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा

जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा त्याच्याजवळ कुटुंबाची एक सुटसुटीत व्याख्या असते. जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. रक्ताचे नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. चूल एक की दोन, एवढे पाहायचे. मोजणीच्या सोयीची ही व्याख्या आहे आणि तिने मोठे काम केले आहे. पण एका वाड्यात राहणारे दोन भाऊ घ्या. स्वयंपाकाचा व्याप आवरेना म्हणून मागच्या पडवीत दुसरी चूल मांडली. शेत, बैलजोडी, देवघर आणि सोसायटीचे कर्ज मात्र अजून सामाईक. कागदावर ती दोन कुटुंबे होतात. मुंबईला खोलीवर राहून महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणारा मुलगा गावच्या घरातून वजा होतो. आणि ही सगळी माहिती प्रगणकाला सांगणारे माणूस बहुधा एकच असते. ओसरीवर जो वडीलधारा बसलेला असेल, तो घराच्या वतीने बोलतो. स्वयंपाकघरातून एखादी दुरुस्ती ऐकू आली तर तेवढीच.

कुटुंब, जवळची नाती आणि त्या नात्यांमध्ये घडत जाणारे माणूस हा सामाजिक शास्त्रांचा विषय या एका उत्तराच्या पुढे सुरू होतो. गेल्या शंभरेक वर्षांत या विषयात जी खरी भर पडली, ती बहुतेक वेळा घरातल्या आणखी कोणाला तरी विचारल्यामुळे पडली आहे: सुनेला, लेकीला, ऊसतोडणीला गेलेल्या बाईला, कुरणात गुरे राखणाऱ्या पोराला. विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने एवढा धागा हाती धरला, तर पुढची वाट बरीच सोपी होते.

वाटेत पहिल्यांदा आडवी येते ती एक ठाम समजूत. पूर्वी सगळे एकत्र राहत, मोठमोठ्या पंगती उठत. मग शहरे वाढली आणि कुटुंबे फुटली. ही समजूत घराघरांत आहे, मालिकांत आहे, भाषणांत आहे. तिला विद्वत्तेचे बळ दिले ते एकोणिसाव्या शतकातल्या कायदेपंडितांनी. हेन्री मेन यांचा ‘एन्शंट लॉ’ हा ग्रंथ १८६१ साली आला आणि पुढच्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात आले. सर्वाधिकारी कर्ता, अविभक्त मालमत्ता, एका छपराखाली अनेक पिढ्या, असे हिंदू कुटुंबाचे चित्र त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने कायदे आणि ग्रंथ वाचून उभे केले. वाटणीचे दावे चालवणाऱ्या न्यायालयांना ते सोयीचेही होते. पण ते मालमत्तेच्या हक्काचे चित्र होते. प्रत्यक्षात कोण कोणाबरोबर राहते, हे पाहायला त्यासाठी कोणी गावात गेले नव्हते.

समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा गावात गेले. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या राधवाणज गावात क्षेत्रकार्य करताना त्याच गावाची १८२५ सालची, ब्रिटिश पाहणीतली घरवार नोंद त्यांना मिळाली. रेल्वे नव्हती, गिरण्या नव्हत्या, तेव्हाची ही नोंद. समजूत खरी असती तर तिच्यात मोठाली एकत्र घरे ओळीने दिसायला हवी होती. तीन पिढ्यांची घरे होती, नाही असे नाही. पण लहान घरेही भरपूर होती, आणि मोठे एकत्र घर हाच गावाचा सर्वसाधारण नमुना आहे असे म्हणता येत नव्हते. १९७३ साली शहांचे पुस्तक आले. त्यात त्यांनी घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला. त्याआधी, १९६४ मध्ये, आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगळी चूल मांडलेली कितीतरी घरे मालमत्तेने, पैशांच्या देवघेवीने आणि अडीअडचणीच्या जबाबदारीने अजून एकमेकांत गुंतलेली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

एकाच घराचे चाळीस वर्षांचे आयुष्य पाहिले की हे सहज पटते. नवराबायको आणि तीन मुले, हे आजच्या भाषेत विभक्त कुटुंब. थोरल्याचे लग्न होऊन सून आली की तेच एकत्र. धाकटा नोकरीला लागून बाहेर पडला, म्हातारा गेला, भावांनी वाटणी केली की पुन्हा दोन विभक्त घरे, आणि त्यांतले एक लवकरच परत एकत्र होणार, कारण तिथला मुलगा लग्नाला आलेला आहे. कोणत्याही एका दिवशी मोजायला जावे तर प्रत्येक घर या फेऱ्यातल्या वेगळ्या टप्प्यावर सापडते. शिवाय विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदुस्थानात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान पंचविसाच्याही खाली होते. बालमृत्यू हे त्याचे मोठे कारण असले तरी मोठी माणसेही साथींत आणि दुष्काळांत दगावत होती. नातवंडे मांडीवर खेळवायला आजोबा हयात असणे हीच अनेक घरांत भाग्याची गोष्ट होती. तीन पिढ्यांची घरे जिथे पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, तिथे त्याचे श्रेय संस्कारांना देण्याआधी लस, पाणी आणि धान्यपुरवठा यांना द्यायला हवे.

पैशाच्या बाजूने घराकडे पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज जिथे संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या उंच इमारती आहेत, तिथल्या तेव्हाच्या शेतकरी घरांची जमीन, उत्पन्न आणि कर्ज त्यात तपशिलाने नोंदलेले आहे. मुंबईत कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये गिरणगावातल्या आणि इतर कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. भाडे, धान्य, कापड, व्याज, सगळे त्यात सापडते. त्या खोलीत आई आणि मुलगी एकमेकींशी काय बोलत, ते सापडत नाही.

ते शोधण्याची वाट मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीच्या एका बाईने रुंद केली. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. शिकायला म्हणून त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या, तिथे शकुंतला परांजपे यांची मैत्री झाली, आणि ही मुलगी रँग्लर परांजप्यांच्या घरात त्यांच्याच लेकीसारखी वाढली. एका घरात जन्म, दुसऱ्या घरात वाढ, आणि लग्नानंतर धोंडो केशव कर्व्यांच्या घरात सून. नात्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईचे स्वतःचे आयुष्य असे तीन घरांत वाटलेले होते. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहून दिले. हे १९३०च्या आसपासचे जर्मनी आणि लिहिणारी परदेशातून आलेली पंचविशीतली विद्यार्थिनी, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्याचे मोल कळते.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. भाषेभाषेतले नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम, महाकाव्ये, लोकगीते आणि प्रत्यक्ष फिरून मिळवलेली माहिती एकत्र करून त्यांनी देशाचे चार विभाग मांडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर, गावाबाहेर, बहुधा लांब द्यायची. ती अनोळखी माणसांत जाते, डोक्यावर पदर घेते आणि माहेर तिच्यासाठी सणावारापुरते उरते. दक्षिणेत अनेक समाजांत मामाशी किंवा मामे-आतेभावंडांत लग्न होते. तिथे नवरी ज्या घरात जाते ते तिने लहानपणापासून पाहिलेले असते.

महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. इथे अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे पसंत असते, पण आत्याची मुलगी करणे तितकेसे मानवत नाही. म्हणजे नवरीच्या बाजूने पाहिले तर तिची सासू ही तिची सख्खी आत्या. कालपर्यंत जिच्या घरी दिवाळीला जायचे, तिच्याच घरात आता पहाटे उठून चूल पेटवायची. या नात्यात माया किती आणि जाच किती, हे नियमावरून सांगता येत नाही. पण नियम ठाऊक नसेल तर विचारायचे काय, हेच कळत नाही. इरावतीबाईंचे थोरपण इथे आहे. घरात सून कशी वागते याचे कारण तिच्या स्वभावात शोधण्याआधी ती कोणत्या वाटेने त्या घरात आली ते त्यांनी पाहायला लावले.

त्यांच्या कामाला मर्यादा होत्या, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. ग्रंथांवरचा त्यांचा भर मोठा आहे. जातीतल्या सत्तेपेक्षा जातीतले नातेसंबंध त्यांना अधिक दिसतात. पुढची पायरी चढल्या त्या लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर. पुरुष हा बी आणि स्त्री ही जमीन, ही कल्पना देशभर किती खोल रुजली आहे, आणि तिच्या आधाराने मूल कोणाचे, शेत कोणाचे, वंश कोणाचा हे कसे ठरते, यावर त्यांनी १९८०च्या दशकात लिहिले. मुलीच्या घडणीवर १९८८ साली आलेला त्यांचा निबंध तर या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. कसे बसायचे, किती हसायचे, ताटात काय आले तर तक्रार करायची नाही, आणि हे घर आपले नाही हे कुठल्या गाण्यांतून, कुठल्या सणांतून, कुठल्या थट्टेतून मुलीच्या मनात उतरते, याचा पट त्यांनी मांडला. बालविकासाच्या पाठ्यपुस्तकांत वयाचे टप्पे असतात: कधी रांगते, कधी बोलते. ‘परक्याचे धन’ हे आपल्यालाच म्हटले जाते आहे हे मुलीला कोणत्या वर्षी कळते, तो टप्पा दुबे यांनी विषयात आणला.

हे सगळे विदुषींनी सांगण्याच्या आधीपासून बायका स्वतः सांगतच होत्या, फक्त पहाटे, जात्यावर. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. आज हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतो. जात्यापाशी दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच, हात दोघींचे. घर झोपलेले असते. ऐकणारे माणूस एकच, आणि तेही त्याच कामात अडकलेले. म्हणून जे दिवसा बोलता येत नाही ते तिथे बोलले जाते. भावाचे कौतुक, आईची आठवण, मुलगी झाल्याचे दुःख आणि मुलगी असण्याचा अभिमान, सीतेच्या वनवासात दिसलेला स्वतःचा वनवास, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्यांमध्ये नव्या आयुष्याची हाक. समाजशास्त्रज्ञाने प्रश्नावली घेऊन जाऊन हे मिळाले नसते. प्रश्नावलीला उत्तर देणारी बाई पाहुण्याशी बोलत असते. दळणारी बाई आपल्या माणसाशी.

जवळिकीचा, म्हणजे नवराबायकोच्या शरीरसंबंधांचा, अभ्यास याहून अवघड. इथेही एक कर्वेच पुढे होते. इरावतीबाईंचे दीर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते १९५३ पर्यंत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते मासिकात उघड उत्तरे देत. त्याच उत्तरांवरून खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. समाजशास्त्राच्या इतिहासात या मासिकाला अजून योग्य जागा मिळालेली नाही. मराठी घरातले लोक ज्याबद्दल डॉक्टरकडेही बोलत नव्हते, ते त्यांनी या मासिकाकडे लिहून विचारले. एवढी मनमोकळी साधनसामग्री त्या काळातल्या फार थोड्या भाषांकडे असेल.

पन्नासेक वर्षांनी गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी वेगळ्या मार्गाने तेच दार उघडले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजून हा आकडा कधीच हाती लागला नसता, कारण बायका दवाखान्यात येतच नव्हत्या. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, हे बाईच्या जन्माबरोबर आलेलेच असते असे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वाटत होते. डॉक्टर घरापर्यंत गेल्या, बायकांशी त्यांच्या शब्दांत बोलल्या, आणि मगच ते रोग रोग म्हणून मोजले गेले.

घरातल्या हिंसेबद्दल विचारण्याची रीत तर शिकण्यासारखी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. तिच्या हिंसेच्या प्रश्नांसाठी एका घरातून एकच स्त्री निवडली जाते. सासूला आणि सुनेला, जावेला आणि जावेला दोघींना हे प्रश्न विचारत नाहीत, म्हणजे मुलाखतीनंतर ‘तू काय सांगितलेस’ ही चौकशी एकमेकींत होऊ नये. प्रश्न विचारताना दुसरे कोणी नको. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. मुलाखत घेणारीने असे वागायचे ठरवले म्हणूनच २०१९-२१ च्या फेरीत देशात विवाहित, किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या, १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे २५ टक्के. ज्या घरांत एकांत मिळालाच नाही, तिथल्या स्त्रियांची उत्तरे यात नाहीत.

काही उत्तरे तर वाचकांपर्यंत पोचायला वीस वर्षे लागतात. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून, आणि ते लिखाण कैक वर्षे तसेच दडवून ठेवले. १९८०च्या दशकात ते छापले गेले. सवर्णांनी महारवाड्याला काय भोगायला लावले हे त्यात आहेच. शिवाय महारवाड्यातल्या घरांत सुनेचे काय होत होते, तेही बाईंनी हात राखून न ठेवता लिहिले. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ चे. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात दलित स्त्रियांची आत्मकथने ही समाजशास्त्राची साधने म्हणून वाचली, आणि ते योग्यच होते. जात आणि कुटुंब या दोन स्वतंत्र प्रकरणांत विभागलेली पाठ्यपुस्तके त्यानंतर अपुरी वाटू लागली. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये देशातल्या ४१ हजारांहून अधिक घरांना विचारले आणि २०११-१२ मध्ये बहुतेक त्याच घरांकडे पुन्हा गेले. त्यात आंतरजातीय लग्ने सुमारे ५ टक्केच निघाली. मूल कोणत्या नात्यांत वाढणार हे बव्हंशी जात ठरवते, हेच त्यातून दिसते.

अर्थव्यवस्था कुटुंबाला कशी घडवते ते पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर जावे. ऊसतोडणीला माणसे निघालेली असतात. मुकादम उचल देतो ती सहसा एकट्या माणसाला नव्हे, जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एक दिवस कोणी आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मुलाचे लग्न झाले की घराला उचल मिळवणारा आणखी एक पूर्ण कोयता तयार होतो, म्हणून लग्ने लवकर होतात. मुले बरोबर न्यावीत तर शाळा सुटते, मागे ठेवावीत तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. हंगामी वसतिगृह मिळाले तर नशीब. पहाटे कोपीतून निघालेल्या बाईला पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. डॉक्टर, मुकादम, नवरा, कर्ज, यांपैकी एकालाच दोषी धरून हा आकडा समजत नाही. जोडप्याला एकच मजूर मानणाऱ्या हिशोबात बाईच्या दुखण्याला जागाच ठेवलेली नाही, हे मुळाशी आहे. वेतनपत्रक, लग्नाचे वय आणि गर्भाशय एका ओळीत वाचता येणे, हे या शास्त्राचे बळ आहे.

माणसाची घडण जन्माच्याही आधी सुरू होते, याचा फार मोठा पुरावा पुण्याजवळ आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्याआधी त्या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बाळे भरत साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे त्याहून पुष्कळ मोठी. पण या हडकुळ्या बाळांच्या त्वचेखाली चरबी मात्र तुलनेने टिकून होती, आणि मधुमेहाच्या संशोधनाला त्यातून नवे वळण मिळाले. घराच्या अभ्यासकाने मात्र त्यातले दुसरे दोन निष्कर्ष अधिक नीट वाचावेत. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, दूध आणि फळे अधिक वेळा आली, त्यांची बाळे अंगाने बरी निघाली. ज्यांनी गर्भारपणात शेतातले आणि घरातले जड काम अधिक केले, त्यांची बाळे लहान निघाली. पाणी कोण आणते आणि उरलेले कोण जेवते, या घरातल्या ठरलेल्या वाटणीचे वजन बाळाच्या वजनात उतरते. हा वैद्यकाइतकाच नातेसंबंधांचाही शोध आहे.

त्या वाटणीचे मिनिटांतले मापही आता आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत, ज्यांनी त्या दिवशी घरकाम केले अशा स्त्रियांनी सरासरी २९९ मिनिटे दिली आणि पुरुषांनी ९७. स्त्रियांत असे काम करणाऱ्या दर शंभरात एक्क्याऐंशी, पुरुषांत सव्वीस. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, दरी तेवढीच राहिली.

मूल वाढते कसे, याचे सर्वांत सुंदर निरीक्षण प्रयोगशाळेबाहेर झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांतली मुले बालवाडीत येईनात. आळशी म्हणून, अडाणी म्हणून त्यांना सोडून देणे सोपे होते. या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिले. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, भाऊ गुरांमागे गेलेला. मग बालवाडी अंगणात भरू लागली, म्हणजे बहिणीला धाकट्यासकट येता यावे. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा, जिथे गुरे चरतील तिथे. दगड, बिया, पाने हेच साहित्य. अंगणवाडी आज देशभर आहे. तिच्या मुळाशी एक निरीक्षण आहे: या घरातले मूल मोकळे नाही, त्याच्यावर घराची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारीही त्याच्या वाढीचा भाग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लहान मुलांची वाढ आई आणि मूल या जोडीपुरती पाहत होते, त्या काळातले हे काम. त्याच सुमाराला, १९५०च्या दशकात, बिअॅट्रिस आणि जॉन व्हाइटिंग यांनी मुलांच्या वाढीची सहा संस्कृतींत तुलना केली, तिच्यात उत्तर प्रदेशातले खालापूर हे गाव होते. तिथे गेलेल्या ली मिन्टर्न यांनी १९७०च्या दशकात तेच गाव पुन्हा गाठले, आणि पडद्यातल्या सुनांचे पुढे काय झाले ते १९९३ साली पुस्तकरूपाने मांडले. एकदा पाहून लिहिणे आणि वीस वर्षांनी त्याच उंबऱ्यावर परत जाणे, यांत किती अंतर आहे ते त्या पुस्तकावरून कळते.

इतक्या जणांना विचारून झाल्यावर आता राहिला आहे तो, ज्याला सुरुवातीला एकट्यालाच विचारले जात होते. प्रगणक कर्त्या पुरुषाला घराबद्दल विचारत आला. त्याच्याबद्दल त्याला फारसे कोणी विचारले नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि पुरुषांच्या १ लाख २ हजारांच्या आसपास. बाळंतपणावर ग्रंथालये भरतील एवढे लिहिले गेले. मूल झाल्यावर बापाच्या दिवसात, झोपेत, दारूत, मित्रांत काय बदलते यावर मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लग्न न जमलेल्या गावाकडच्या तरुणांवर विनोद होतात, अभ्यास थोडे होतात. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत जन्मलेली मुले मोठी झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहणारा प्रयोग सुरू झाला, आणि त्यात मुलींबरोबर मुलगेही घेतले गेले. होणाऱ्या बापाच्या शरीराची दखल विज्ञानाने घेतली आहे. त्याच्या मनाचे आणि त्याच्या हातून होणाऱ्या, न होणाऱ्या कामांचे काय, हे विचारायला नव्या अभ्यासकांनी निघावे. जाताना वेळवापर पाहणीतली ती ८८ मिनिटे बरोबर न्यावीत, आणि प्रश्न ओसरीवर न विचारता, तो एकटा असताना विचारावा.